दम धरणारे इंजिन

भाषेचा शिक्षक असल्यामुळे माझी सुरुवात शब्दापासून होते, त्याला इलाज नाही. 'दम' हा शब्द मराठीत किती कामे करतो पाहा. जिना चढल्यावर दम लागतो, अडचणीत दम धरायचा असतो, वात्रट पोराला दम द्यावा लागतो. फारसीत दम म्हणजे श्वास. उर्दूतही तोच अर्थ, आणि त्याच श्वासातून पुढे जोर, धमक, टिकाव हे अर्थ निघाले. बिर्याणी दमवर ठेवतात तोही हाच.

मोटारींच्या जगात एका जातीच्या इंजिनाला 'नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड' म्हणतात. सरळ मराठीत सांगायचे तर स्वतःच्या दमावर चालणारे इंजिन. पिस्टन खाली जातो, सिलिंडरमध्ये पोकळी होते आणि बाहेरची हवा आपल्या दाबाने आत शिरते. टर्बो असलेल्या इंजिनात सायलेन्सरकडे निघालेल्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो हवा कोंबून आत ढकलतो. म्हणजे त्याला तोंडात घास भरवणारा कुणीतरी आहे. पहिल्याला मात्र जेवढा श्वास घेता येईल तेवढीच ताकद. ती वाढवायची तर इंजिन मोठे करा, नाहीतर दर मिनिटाला श्वासांची संख्या वाढवा. मोठे इंजिन करणे हा श्रीमंत देशांचा मार्ग झाला. दुसरा मार्ग जपानमधल्या एका लोहाराच्या मुलाने धरला आणि त्याच्या कंपनीने तो इतका पुढे नेला की १९९९ साली रस्त्यावर धावणाऱ्या, दुकानात विकत मिळणाऱ्या मोटारीचे इंजिन मिनिटाला ९००० फेरे घेऊ लागले. ते इंजिन म्हणजे होंडा एस२००० या मोटारीचे एफ२०सी. मला इतिहास सांगायचा आहे तो त्याच्या टिकाऊपणाचा. कारण 'जपानी इंजिन कधी बिघडत नाही' या वाक्याने जितकी इंजिने मेली, तितकी कुठल्या दोषाने मेली नसतील असे माझे मत झाले आहे.

सोइचिरो होंडा यांचा जन्म १९०६ चा, हामामात्सु शहराजवळच्या एका खेड्यातला. हामामात्सु हे मागांचे गाव. सुझुकी कंपनीची सुरुवात तिथेच १९०९ मध्ये माग बनवण्यापासून झाली. टोयोटाचे मूळही मागातच आहे. साकिची टोयोडा यांचा स्वयंचलित माग १९२४ चा, आणि मोटारींचा विभाग त्या मागाच्या कारखान्यातच निघाला. मी मालेगावात राहतो. खटाखट, खटाखट या आवाजात आमची दोन-तीन पिढ्यांची झोप झाली आहे, त्यामुळे मागाच्या गावातून मोटार निघाली हे वाचून मला जरा बरे वाटले आणि जरा वाईटही. आमच्याकडचे माग चाळीस-चाळीस वर्षे चालतात, पण त्यातून दुसरे काही निघाले नाही. ते चालतात ते मात्र फिटरच्या तेलाच्या डब्यामुळे, हे इथे लक्षात असू द्या.

होंडा टोकियोच्या एका गॅरेजात पोरवयात उमेदवारीला लागले, पुढे हामामात्सुला त्याच गॅरेजाची शाखा त्यांनी चालवली. दुरुस्तीत नाव झाले तरी मन रमेना, म्हणून पिस्टनच्या रिंगा बनवायला घेतल्या. रिंग म्हणजे पिस्टनच्या कमरेला बसणारी लोखंडी कडी. दिसायला बांगडीसारखी, पण तिची कामे तीन. वरचा स्फोटाचा वायू खाली जाऊ द्यायचा नाही, खालचे तेल वर येऊ द्यायचे नाही, आणि पिस्टनची उष्णता भिंतीकडे पोहोचवायची. रिंग कडक हवी आणि लवचीकही हवी. होंडांच्या रिंगा कडक झाल्या, लवचीक होईनात. तिशीतला हा माणूस मग हामामात्सुच्या तांत्रिक शाळेत जाऊन बसला. तिथल्या प्राध्यापकांनी रिंग तपासली आणि सांगितले की लोखंडात सिलिकॉन कमी आहे. एवढी एक गोष्ट हाती लागायला घरची सगळी बचत गेली होती.

शाळेत ते फक्त आपल्या उपयोगाचे तास बसत, परीक्षेला बसत नसत, म्हणून त्यांना काढून टाकले गेले. पदविकेपेक्षा सिनेमाचे तिकीट बरे, त्यावर निदान आत तरी सोडतात, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर प्रसिद्ध आहे. बी.एड. करून पोटाला लागलेल्या माझ्यासारख्याला हे उत्तर वर्गात सांगावे की नाही हा प्रश्न पडतो. मी सांगतो, पण त्याला जोडून हेही सांगतो की सिलिकॉनचे गणित त्यांना शाळेतच कळले होते.

एवढे करूनही टोयोटाला तपासणीसाठी दिलेल्या ५० रिंगांपैकी पास झाल्या ३. सत्तेचाळीस नापास. होंडा मग कारखाने हिंडले, ओतकाम पाहिले, पुन्हा शिकले. पुढे टोयोटाने त्यांच्या कंपनीत भागीदारीही घेतली. १९४५ च्या भूकंपात कारखाना पडला, तेव्हा उरलेले टोयोटालाच विकून ते मोकळे झाले. ज्या कंपनीच्या इंजिनाला आज लोक डोळे मिटून भरवसा देतात तिचा पाया हा असा, नापास रिंगांवर उभा आहे.

मोटारसायकलींचा काळ मी पटकन ओलांडतो. होंडा मोटर कंपनी १९४८ ची. १९५९ मध्ये आयल ऑफ मॅनच्या शर्यतीत त्यांच्या गाड्या उतरल्या, १९६१ मध्ये जिंकल्या. लहान सिलिंडर, पुष्कळ फेरे हे सूत्र तिथे पक्के झाले. १९६३ ची एस५०० ही छोटी स्पोर्ट्स मोटार अवघ्या ५३१ सीसीची, पण तिची पूर्ण ताकद मिनिटाला ८००० फेऱ्यांवर मिळे. १९६५ मध्ये मेक्सिकोत रिची गिन्थरने होंडाला फॉर्म्युला वनची पहिली शर्यत जिंकून दिली, तेही दीड लिटरच्या बारा सिलिंडरी इंजिनावर. एकेक सिलिंडर १२५ सीसीच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या साध्या मोटारसायकलीएवढा.

अडचण अशी की शर्यतीचे इंजिन बाजारात चालत नाही. वर पळणारे इंजिन खाली रडते. सिग्नलवरून निघताना ते झटके देते, पेट्रोल पिते. माणूस चालताना नाकाने श्वास घेतो, धावताना तोंड उघडतो. इंजिनाला मात्र एकच तोंड. हवेची झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, किती उघडायची आणि किती वेळ, हे कॅमच्या उंचवट्याने कायमचे ठरलेले असते. १९८९ मध्ये इंटेग्रा या मोटारीत होंडाने व्हीटेक आणले, ते या प्रश्नावरचे उत्तर होते. कॅमवर दोन प्रकारचे उंचवटे ठेवले, एक चालण्याचा आणि एक धावण्याचा. ठरावीक फेऱ्यांवर तेलाच्या दाबाने एक खिळी सरकते, रॉकर एकमेकांना जखडले जातात आणि सगळ्या झडपा मोठ्या उंचवट्यावर नाचू लागतात. १६०० सीसीला १६० अश्वशक्ती. लिटरला शंभर. टर्बोशिवाय, आणि खाली न रडता.

या यंत्रणेचा हुकूम चालतो तो तेलाच्या दाबावर. तेल कमी असेल, काळे-घट्ट झाले असेल, किंवा तेलाच्या वाटेवरची बारीक जाळी गाळाने तुंबली असेल, तर खिळी सरकत नाही. मालक म्हणतो गाडीचा पिकअप गेला, इंजिन उघडा. अनेकदा उघडायचे असते ते फक्त जाळीचे झाकण.

आता एफ२०सी. १९९७ सीसी, चार सिलिंडर. जपानमध्ये २५० अश्वशक्ती, ८३०० फेऱ्यांवर. लाल रेघ ९००० ला. लिटरला सव्वाशे अश्वशक्ती देणारे असे टर्बोविना इंजिन त्या काळी रस्त्यावरच्या मोटारीत दुसरे नव्हते. 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर'मधला आपल्या गटाचा पुरस्कार त्याने २००० ते २००४ सलग पाच वर्षे घेतला.

गणिताच्या सरांना विचारून नव्हे, स्वतः फळ्यावर मांडून मी हे मुलांना दाखवले आहे. पिस्टनचा प्रवास ८४ मिलिमीटर. एका फेऱ्यात तो एकदा खाली आणि एकदा वर, म्हणजे १६८ मिलिमीटर. मिनिटाला ९००० फेरे म्हणजे सेकंदाला १५०. गुणाकार करा, सेकंदाला २५.२ मीटर. ताशी नव्वद किलोमीटर! आणि ही झाली सरासरी. प्रत्यक्षात पिस्टन वर-खाली टोकाला क्षणभर थांबतो, म्हणजे मधे त्याला याच्या दीडपटीहून जास्त पळावे लागते. सेकंदाला तीनशे वेळा थांबणे, उलट फिरणे आणि पुन्हा पळणे. प्रत्येक झडप सेकंदाला पंचाहत्तर वेळा उघडते आणि मिटते. हे सगळे तेलाच्या एका पापुद्र्यावर चालले आहे, ज्याची जाडी केसापेक्षा कमी.

हे टिकावे म्हणून होंडाच्या लोकांनी काय केले? पिस्टन ओतीव न घेता घडीव घेतले. सिलिंडरच्या भिंतीत लोखंडी लायनर न बसवता अ‍ॅल्युमिनियममध्येच कार्बन आणि अ‍ॅल्युमिना यांचे तंतू मिसळून कडक थर तयार केला. कॅम फिरवायला पट्टा नाही, साखळी आणि दातेरी चाके. व्हीटेकच्या रॉकरला रोलर बसवले, घर्षण कमी व्हावे म्हणून. आणि इंजिन थंड असताना व्हीटेक चालूच होणार नाही अशी सोय संगणकात केली. ही शेवटची गोष्ट मला फार आवडते. चालकाच्या घाईवर कंपनीचा भरवसा नव्हता, हे तिने यंत्रातच लिहून ठेवले.

इतके करूनही इंजिने गेली. कशी गेली ते पाहण्यासारखे आहे. पहिल्या काही वर्षांच्या इंजिनांत पिस्टनच्या तळावर तेल फवारणाऱ्या बोल्टला दोन छिद्रे होती. तेल कमी पडते असे दिसल्यावर चार छिद्रांचा बोल्ट आला. हा कंपनीचा दोष, आणि तिने तो सुधारला. साखळी ताणून धरणारा टेन्शनर काही वर्षांनी सैल पडतो आणि सकाळी पहिल्या स्टार्टला खडखड येते. ही झीज, भाग बदला आणि विसरा.

झडपेच्या स्प्रिंगला वरून धरणारी टोपी, रिटेनर, तिची गोष्ट वेगळी आहे. पूर्ण वेगात चौथ्या गिअरमधून पाचवा टाकायचा, आणि हात चुकून तिसऱ्यात जातो. क्लच सोडताच चाके इंजिनाला ओढतात. संगणक फक्त पेट्रोल तोडू शकतो, चाकांना अडवू शकत नाही. इंजिन दहा-अकरा हजारांवर फेकले जाते, स्प्रिंग झडपेला आवरू शकत नाही आणि रिटेनरला बारीक तडा जातो. गाडी त्या दिवशी घरी येते, पुढचे काही महिने चालते. मग एके दिवशी महामार्गावर शांतपणे जाताना झडप सिलिंडरमध्ये पडते. मालक शपथेवर सांगतो, मी काहीच केले नाही. तो खोटे बोलत नसतो. बहुतेक वेळा ती गाडी त्याने दुसऱ्याकडून घेतलेली असते. पुढच्या वर्षांत होंडाने रिटेनर मजबूत केले, आणि जुन्या गाड्यांचे जाणते मालक नवे रिटेनर आणून बसवतात.

तेलाचा प्रश्न सर्वात साधा आणि सर्वात घातक. फिल्टरसकट पावणेपाच लिटरच्या वर तेल बसते. जोरात पळवले की काही तेल जळतेच, त्यात नवल नाही. पण 'होंडा आहे, दहा हजार किलोमीटरपर्यंत बघायचे नाही' या समजुतीवर चालणाऱ्याच्या इंजिनात ते हळूहळू उतरते. लांब वळणावर उरलेले तेल एका बाजूला जाते, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग कोरडी पडते. काही सेकंद पुरतात. मग दुरुस्तीही सोपी नाही. आपल्याकडे 'हाफ इंजिन' उतरवून लेथवाल्याकडे बोअर करायला देतात तसे याला चालत नाही, कारण भिंतीवरचा तंतूंचा थर पातळ आहे आणि त्याला कुठलाही पिस्टन मानवत नाही. ज्या गोष्टीने इंजिन हलके आणि टिकाऊ झाले त्याच गोष्टीने ते दुरुस्तीला अवघड झाले. पेट्रोल दोनदा भरले की एकदा डिपस्टिक पुसून पाहणे, हा यावरचा सगळा उपाय.

टॅपेटचेही तसेच. कंपनीने हवेच्या झडपेला ०.२१ ते ०.२५ आणि धुराच्या झडपेला ०.२५ ते ०.२९ मिलिमीटर फट सांगितली आहे, थंड इंजिनावर, फिलर गेजने मोजायची. फट वाढली की टिकटिक वाजते, मालक धावत येतो. फट कमी झाली की आवाज उलट बंद होतो, सगळे खूश. पण झडप पूर्ण मिटत नाही, तिची उष्णता बाहेर जात नाही आणि कड जळते. आमच्या मोहल्ल्यात एक उस्ताद आहेत, त्यांचे शिक्षण चौथी उर्दू. ते गिऱ्हाइकाला म्हणतात, "भाई, आवाज आता है तो आने दो, ख़ामोश इंजन से डरो." त्यांनी एस२००० कधी पाहिलेली नाही. पाहणार तरी कशी, ती भारतात कधी विकायलाच आली नाही.

आपल्याकडे आली ती तिची गरीब चुलत बहीण. होंडा सिटी १९९८ मध्ये आली, आणि २००० च्या सुमारास तिच्यात दीड लिटरचे व्हीटेक इंजिन. शंभरच्या वर अश्वशक्ती, त्या काळच्या रस्त्यावर ही गाडी म्हणजे वारा. २००३ अखेरीस नवी सिटी आली ती ७७ अश्वशक्तीची, पेट्रोल वाचवणारी, आणि शौकिनांनी कपाळाला हात लावला. म्हणून जुन्या व्हीटेकला आजही गिऱ्हाईक आहे. वीस-बावीस वर्षांची गाडी, चौथा-पाचवा मालक, बहुधा पंचविशीतला पोरगा, आयुष्यातली पहिली मोटार. त्याने युट्यूबवर आवाज ऐकलेला असतो. त्याला हे कुणी सांगितलेले नसते की या इंजिनात साखळी नाही, रबरी टायमिंग बेल्ट आहे. बेल्ट तुटला की पिस्टन आणि झडपा एकमेकांवर आदळतात. बेल्टला किलोमीटरची मुदत असते तशी वर्षांचीही असते, उभ्या गाडीचाही तो म्हातारा होतो. उस्ताद अशी गाडी आली की पहिला प्रश्न विचारतात, बेल्ट कधी बदलला? उत्तर नसेल तर, आज बदला, मग चावी फिरवा. गिऱ्हाईक कुरकुरते, कारण चालत्या गाडीवर खर्च कशाला. कितीतरी जण तसेच निघून जातात, आणि त्यातले काही टोचन लावून परत येतात.

या उस्तादांकडे एक वही आहे, उर्दूत लिहिलेली. गाडीचा नंबर, किलोमीटर, काय बदलले, तारीख. मी ती पाहिली तेव्हा शिक्षकाच्या सवयीने आधी हस्ताक्षर पाहिले. पण इतिहासाच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे. इंजिनाचा भरवसा म्हणजे अशा नोंदींची बेरीज असते. कंपनीच्या जाहिरातीत तो नसतो. अनेक इंजिने निव्वळ सही-शिक्क्याच्या पुस्तकामुळे दुप्पट किमतीला विकली जातात, पण उस्तादांच्या वहीला बाजारात किंमत नाही. त्यांच्या हाताखालची पोरेही आता स्कॅनर लावायला शिकतात, फिलर गेजची फट बोटांना कळावी इतका वेळ कुणाकडे नाही.

हे दुखणे एकट्या होंडाचे होते असेही नाही. त्याच सुमारास जर्मनीत बीएमडब्ल्यूने एम३ साठी ३.२ लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन काढले, ३४३ अश्वशक्तीचे, आठ हजारांपर्यंत फिरणारे, तेही टर्बोविना. त्याच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगा जाऊ लागल्या, कंपनीला त्या बदलून देण्याची मोहीम काढावी लागली आणि तेलही बदलून जाड, १०डब्ल्यू-६० करावे लागले. या इंजिनांचे मालक आजही ठरावीक किलोमीटरनंतर बेअरिंगा आपणहून बदलतात, बिघडायच्या आधी. आपल्याकडे याला वेडेपणा म्हणतील. मागाचा फिटर म्हणणार नाही.

२००४ मध्ये अमेरिकेसाठी होंडाने या इंजिनाचा पिस्टनप्रवास ८४ वरून ९०.७ मिलिमीटर केला, म्हणजे खाली जरा जास्त ओढ मिळावी. लाल रेघ मग ८००० वर आली. फळ्यावरचे गणित पुन्हा करा, पिस्टनचा वेग जवळजवळ तेवढाच निघतो, सेकंदाला चोवीस मीटर. धातूची मर्यादा तीच, फक्त तिच्यापर्यंत जायची वाट बदलली. २००९ मध्ये एस२००० चे उत्पादन थांबले. एकंदर एक लाख दहा हजारांच्या आसपास गाड्या झाल्या.

१९७० च्या दशकात अमेरिकेने धुराचे कडक नियम आणले तेव्हा मोठमोठ्या कंपन्या अशक्य म्हणून ओरडत होत्या, आणि होंडाने आपल्या सिव्हिकच्या सीव्हीसीसी इंजिनाने ते नियम पाळून दाखवले होते. तिसाव्या-चाळिसाव्या वर्षी तसलेच नियम तिच्या या जातीच्या इंजिनांवर आले. धूर आणि पेट्रोल मोजणाऱ्या चाचणीत लहान टर्बो इंजिन कमी फेऱ्यांवर काम भागवते, पळणाऱ्या इंजिनाला ते जमत नाही. नियम बरोबर होते असेच मी म्हणेन, शहरात राहणाऱ्या माणसाला फुप्फुस एकच जोडी असते. २०१५ मध्ये होंडाच्या सिव्हिक टाइप आर मध्ये दोन लिटरचे टर्बो इंजिन आले. ३१० अश्वशक्ती, पण ती ६५०० फेऱ्यांवरच मिळते, आणि लाल रेघ सात हजारांना.